नंबर दोनशे एकोणनव्वद : दुःख, संथ

मला नाव नाही, नंबर आहे. दोनशे एकोणनव्वद. मी एक धून आहे, आणि जरा कान इकडे करा, कारण आज मी पहिल्यांदाच माझं स्वतःचं काही बोलणार आहे. एरवी माझा जन्म दुसऱ्यांच्या बोलण्यामागे वाजण्यात गेला.

तुम्ही म्हणाल, आम्ही नाही बाई तुला ओळखत. म्हणा बापडे! पण टीव्हीवरच्या मालिकेत म्हाताऱ्याचा हात पलंगावरून खाली घसरला आणि तुमच्या घशात आवंढा आला, तो म्हाताऱ्यामुळे आला असं वाटलं ना तुम्हाला? तो म्हातारा त्याच दुपारी कँटीनमध्ये दोन ताटं जेवला होता. आवंढा आणला तो मी. थोरली सून बॅग घेऊन दारातून मागे वळून बघते, तिथे मी. भावाभावांचं भांडण मिटतं आणि धाकटा थोरल्याच्या पायाशी बसतो, तिथेही मीच. गर्व म्हणा हवं तर. केलंय म्हणून सांगते.

टीव्हीच्या धंद्यात आम्हाला स्टॉक म्युझिक म्हणतात. म्हणजे कपाटात तयार करून ठेवलेलं संगीत. मालिकेच्या प्रत्येक भागासाठी नवे वादक बोलवायला कुणाला सवड आहे? भाग उद्या दाखवायचा असतो आणि आज अजून अर्धाच कापलेला असतो. मग संकलक कपाटाशी येतो, कार्डं चाळतो. आनंद, दुःख, भीती, पाठलाग, सकाळ. हवी ती धून काढतो, दृश्याखाली घालतो, नको तिथे कात्री लावतो आणि जातो. शेवटी पडद्यावर नावं पळतात, त्यात केस विंचरणाऱ्याचंसुद्धा नाव असतं. आमच्या वाट्याला एवढंच येतं : 'संगीत : संग्रहातून.' तेही पळत्या अक्षरांत.

माझ्या कार्डावर निळ्या शाईत लिहिलंय : दुःख, संथ. मृत्यू, निरोप आणि पश्चात्तापासाठी उत्तम.

आणि खरं सांगू? मी दुःखाची नाहीच मुळी. मी एका बकरीची धून आहे.

हसलात? हसा. मीही आता हसते. पण ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही, कारण तिच्यात एका माणसाची चाळीस वर्षं अडकली होती.

माझा जन्म झाला तो एका दुपारी, टीव्ही केंद्राच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत. भिंतींना जाड कापड, दाराच्या फटीत रबर, दारावर लाल दिवा. मुलांसाठी बाहुल्यांचा एक कार्यक्रम निघणार होता. त्यात एक बकरी दावं तोडून पळते आणि सगळी आळी तिच्यामागे धावते. त्या पळापळीसाठी मास्तरांनी मला बांधली. मास्तर म्हणजे केंद्राचे संगीतकार. मोठा माणूस, कान तिखट आणि जीभ त्याहून तिखट. तीन व्हायोलिनं, एक मोठं चेलो, टिणटिण वाजणारा एक लोखंडी त्रिकोण आणि सगळ्यांच्या पुढे क्लॅरिनेट. एकूण बावन्न सेकंदांचा मामला.

क्लॅरिनेटवाला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. केंद्रात नवा, हौशी, नव्या लग्नाचा. माझ्या मधोमध एक जागा आहे, तिथे बकरी दावं तोडते. तिथे क्लॅरिनेटने वरून खाली धावत यायचं : तीन सेकंद, चोवीस स्वर, एका दमात, आणि प्रत्येक स्वर सुटा. लोंबकळलेला किंवा शेजाऱ्याला चिकटलेला चालायचा नाही. बाकीचे वादक सकाळपासून त्याची थट्टा करत होते. "अरे, बकरी तू आहेस की ती?" असं चेलोवाला म्हणाला.

पहिल्या वेळी त्रिकोणवाला चुकला. दुसऱ्या वेळी कुणाची तरी खुर्ची करकरली. तिसऱ्या वेळी मी अखंड जन्माला आले, आणि आईशपथ सांगते, काय आले! बकरी सुटली ती थेट आळीच्या टोकाला. वादक खुशीत एकमेकांकडे बघायला लागले.

मास्तर मात्र कपाळाला आठ्या घालून काचेपलीकडून आत आले. "क्लॅरिनेट," ते म्हणाले, "मधले स्वर गिळलेस तू. वेगाच्या आड चुका लपवतोस."

"नाही मास्तर. एकही गिळला नाही."

"मला शिकवतोस? कान आहेत मला. पळणाऱ्याचे पाय कुणी मोजत नाही, हे ओळखून पळतोयस तू."

सगळ्यांदेखत. क्लॅरिनेटवाल्याचे कान लाल झाले. त्याला म्हणायचं होतं, मग पुन्हा वाजवतो, हव्या त्या वेगात वाजवतो. पण खोलीची वेळ संपली होती, दाराबाहेर पुढचे लोक उभे होते. "राहू दे, हेच घ्या," मास्तर म्हणाले, आणि मला रिळावर गुंडाळून डब्यात घातलं.

आता ऐका. ज्या मशीनवर मी उतरले, त्यावर एक खटका होता. तो खाली ओढला की रीळ निम्म्या चालीने फिरायचं. नुसता तो खटका ओढून मला ऐकवलं असतं, तर तिथल्या तिथे दूध का दूध झालं असतं. निम्म्या चालीत काही लपत नाही. पण मास्तरांच्या शब्दानंतर तपासून बघायची त्या खोलीत कुणाची छाती नव्हती. क्लॅरिनेटवाल्याला केंद्रातून पुन्हा कधी बोलावणं आलं नाही. बाहुल्यांचा कार्यक्रमही बारगळला. मी डब्यात, डबा कपाटात, कपाटाला कुलूप. आठ वर्षं.

मग एकदा केंद्राने ठरवलं की इतकी न वापरलेली रिळं पडून आहेत, त्यांचा नीट संग्रह करावा. एक बाई नेमल्या. त्या दिवसभर धुनी ऐकायच्या, कार्ड लिहायच्या, आणि वापरायला म्हणून प्रत्येकीची एक नक्कल काढायच्या. मूळ रीळ कपाटात जपून, नक्कल बाहेर कामाला, अशी तिथली शिस्त. सगळे त्यांना कार्डबाई म्हणायचे. कामाला वाघ होत्या, पण त्या दिवशी त्यांचं मन थाऱ्यावर नव्हतं. त्यांची आई जाऊन तीनच आठवडे झाले होते. आधीचं रीळ कुणाच्या तरी भाषणाचं होतं, निम्म्या चालीवरचं. ते उतरवून त्यांनी मला चढवलं आणि खटका वर करायच्या विसरल्या.

मी वाजायला लागले आणि माझा आवाज ऐकून मीच हबकले! बावन्न सेकंदांची मी, एकशे चार सेकंदांची झाले. आवाज खाली, खोल उतरला. तो लोखंडी त्रिकोण टिणटिणायचा, तो आता मोठ्या घंटेसारखा घुमत होता. चेलो विहिरीतून बोलल्यासारखं. उधळणारी बकरी पाय ओढत चालली होती. आणि मधली ती चोवीस स्वरांची धाव! ती आता एक लांब हुंदका होऊन पायरी पायरीने खाली येत होती.

मला वाटलं, बाईंना आता चूक कळेल. बाईंनी पदराने डोळे टिपले. पुन्हा लावलं, पुन्हा टिपले. मग नाक ओढत कार्ड लिहिलं : दुःख, संथ. त्याच चालीत माझी नक्कल काढली, आणि मी मूळची परत कुलुपात.

राग आला का? आला तर! हसऱ्या पोरीला कुणी सुतकी चेहरा लावून उभं केलं तर कसं वाटेल? पण राग फार दिवस टिकला नाही. कारण मी चालले. नुसती चालले नाही, धावले. संकलक एकमेकांना सांगायला लागले, "रडवायचंय ना? मग डोकं कशाला खातोस, दोनशे एकोणनव्वद लाव." एक नटी होती, तिला काही केल्या रडू येत नसे. ग्लिसरीन घातलं की डोळे नुसते लाल व्हायचे, वर ती शिंकायची. दिग्दर्शकाने शूटिंगच्या खोलीत मला मोठ्याने लावलं. पहिल्या घंटेला तिचे ओठ थरथरले, क्लॅरिनेट खाली उतरलं आणि बाई अशी रडली की कॅमेरावाला फोकस विसरला. त्या वर्षी तिला बक्षीस मिळालं. भाषणात तिने सगळ्यांचे आभार मानले, घरच्या कुत्र्याचेसुद्धा.

एकदा एका उतावळ्या संकलकाने कार्ड न बघता मला बागकामाच्या कार्यक्रमाला लावलं. गुलाबाची छाटणी चालली होती. पन्नास जणांनी फोन करून विचारलं, माळीबुवा गेले का? माळीबुवा धडधाकट होते, त्यातले दोन फोन त्यांच्याच मेहुण्यांचे होते. एवढा माझा दरारा.

आता त्या क्लॅरिनेटवाल्याकडे येते. त्याने गावातच वाद्यं दुरुस्त करायचं दुकान काढलं. घराची पुढची खोली दुकान, मागे संसार, आणि दोन्हींच्या मधल्या दारात टीव्ही, म्हणजे स्वयंपाक करता करता बायकोला दिसावा आणि काम करता करता याला ऐकू यावा. त्यामुळे मी जवळजवळ रोज त्याच्या घरी जात होते. मी त्याला ओळखायचे. तो मला ओळखत नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

मी सुरू झाले की तो हातातलं वाद्य ठेवून म्हणायचा, "आलं रडगाणं! कोण म्हातारा झोपेत फुंकतोय देव जाणे."

"तुम्ही गप्प बसा हो," बायको पदर डोळ्यांना लावून म्हणायची. "चांगली रंगात आलीय मालिका."

पाहुणेरावळे आले की तो बकरीची गोष्ट काढायचा. तीन सेकंदांत चोवीस स्वर, सगळे सुटे, एका दमात. सुरुवातीला लोक ऐकायचे. मग जावयांनी आपसांत डोळे मिचकावायला सुरुवात केली. आणि बायको, मनाने वाईट नाही हं, पण एकदा वैतागून म्हणाली, "पुरे झालं आता. मास्तरांसारखा माणूस उगाच खोटं कशाला बोलेल? गिळले असतील दोनचार स्वर. काय आभाळ कोसळलं?" त्या दिवसानंतर त्याने गोष्ट बंद केली. चारचौघांत क्लॅरिनेट तोंडाला लावणंही बंद केलं. दुरुस्त केलेलं वाद्य तपासायला दोन फुंकरी मारायचा, तेवढंच.

शिकवायचा मात्र मन लावून. बँकेतले एक कारकून संध्याकाळी शिकायला येत. एकदा ते भराभर वाजवून दाखवत होते, याची धाकटी मुलगी बाजूला गृहपाठ करत बसली होती, आणि तेवढ्यात मागे टीव्हीवर कुणाचा तरी बाप वारला. मी सुरू झाले. याने कारकुनांना हाताने थांबवलं. "हे ऐका," तो म्हणाला. "रडगाणं आहे, मला आवडत नाही, पण ही उतरण ऐका. एकेक स्वर धुऊन वाळत घातल्यासारखा सुटा. हा जो कोण आहे ना, त्याला साष्टांग नमस्कार. मला नाही जमलं कधी असं."

मी वाजतच होते. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अरे वेड्या, तूच आहेस तो! पण धुनीला जेवढं लिहिलं आहे तेवढंच बोलता येतं. माझे एकशे चार सेकंद संपले आणि जाहिरात लागली.

मास्तर वारले तेव्हा तर कमालच झाली. केंद्राने त्यांच्यावर श्रद्धांजलीचा कार्यक्रम केला. जुने फोटो, मोठ्या लोकांची भाषणं, आणि खाली संगीत? मी! मास्तरांचीच बकरी, मास्तरांच्याच तिरडीमागे, आणि त्यांनी हाकलून दिलेल्या पोराचं क्लॅरिनेट. ओळखलं कुणीच नाही. हा घरी बघत होता. हळहळला. म्हणाला, "मास्तरांना असलं काही चाललं नसतं."

त्याची धाकटी मुलगी ध्वनी संकलक झाली आणि त्याच केंद्रात लागली. बापाच्या मनात नव्हतं, पण आडवा आला नाही. ही धाकटी माझी लाडकी, आणि मी तिची. तिने मला किती दृश्यांखाली घातलं याला गणती नाही. कुठे कापायचं हे तिला बरोबर कळायचं. माझ्या उतरणीवर तिने कधीही कात्री चालवली नाही.

एकदा रविवारी बाप आणि ती दोघंच टीव्हीसमोर बसली होती. भाग तिनेच कापलेला होता, खाली मी वाजत होते. बापाने एकदम विषय काढला. "छोटे, एक सांगू? मला आता वाटतं, गिळले असतील मी स्वर. दोन, तीन. वयच तसं होतं, मस्ती होती. मास्तरांचा कान काही खोटा नव्हता."

"बाबा, तुम्हीच तर म्हणायचात की एकही नाही."

"म्हणायचो. माणूस आपल्याबद्दल म्हणतो गं तसं. खरं कुणाला ठाऊक?"

मला सांगा, दुसऱ्यांनी खोटं ठरवलं तर माणूस भांडतो, पण स्वतःच स्वतःला खोटं ठरवलं की कुणाशी भांडायचं? मुलीने बापाच्या पाठीवरून हात फिरवला आणि ती चहा करायला उठली.

त्यानंतर दोनेक वर्षांनी केंद्रात फर्मान निघालं : सगळी रिळं कॉम्प्युटरमध्ये घ्या, जुनं सामान भंगारात द्या. काम धाकटीवर आलं. रोज सकाळी ती जुन्या मशीनसमोर बसायची, एकेक मूळ रीळ काढायची, वाजवायची, भरायची. दोनशे सत्त्याऐंशी झाली, दोनशे अठ्ठ्याऐंशी झाली. मग माझा डबा.

माझं झाकण तीसएक वर्षांत कुणी उघडलं नव्हतं. तिने ते उघडलं. झाकणाच्या आत रेकॉर्डिस्टने पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं : तारीख, बाहुल्यांचा कार्यक्रम, बकरी पळते, चाल पूर्ण. खाली वादकांची नावं. क्लॅरिनेटपुढे तिच्या बापाचं नाव.

तिने नाव वाचलं. डब्यावरचा नंबर बघितला. पुन्हा नाव वाचलं. मग खटका वर करून मला सोडलं.

काय सांगू तुम्हाला! इतक्या वर्षांनी मी माझ्या चालीने धावले. त्रिकोण टिणटिणला, व्हायोलिनं खिदळली, बकरी सुटली. मुलगी आधी हसली, मग तोंडावर हात ठेवला. मग सावकाश खटका खाली ओढला आणि मला निम्म्या चालीने लावलं. घंटा घुमली. उतरण तिने पाचसहा वेळा ऐकली, स्वर मोजत, कागदावर चार-चारच्या रेघा मारत. मग कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली आणि घरी फोन केला. "आई, उद्या अकरा वाजता बाबांना घेऊन केंद्रावर ये. कशाला ते विचारू नकोस. इस्त्रीचा शर्ट घाल म्हणावं."

चाळीस वर्षांनी तो त्या इमारतीत आला. जिन्यात दोनदा थांबला. दम लागला म्हणाला. दम कसला, पाय उचलत नव्हता. बायको मागून म्हणत होती, "अहो, चला ना, कुणी खात नाही." धाकटीने दोघांना मशीनसमोर खुर्च्या दिल्या आणि मला पूर्ण चालीत लावलं.

तिसऱ्या सेकंदाला त्याने ओळखलं. "अगं, ही माझी बकरी!" म्हातारा खुर्चीतून अर्धा उठला. "अगं, ऐकलंस का? हीच ती! कुठे सापडली?" बायकोचा हात धरून गदागदा हलवला. उतरण आली आणि गेली, तीन सेकंदांत, आणि तो लहान मुलासारखा हसला.

मग मुलीचा हात खटक्याकडे गेला, तसा त्याचा चेहरा उतरला. वादकच तो. तिला काय करायचंय ते त्याला बरोबर कळलं. त्याने तिचं मनगट धरलं.

"नको. हळू नको लावूस."

"का, बाबा?"

"हळू लावलंस तर खरं काय ते कळेल. गिळले असतील तर? या वयात ते कळून मी काय करू? आत्ता निदान माहीत नाही एवढं तरी आहे माझ्याकडे."

"बाबा, तुम्ही ते हळू ऐकलेलं आहे. वर्षानुवर्षं रोज ऐकलंय. आणि खरं काय ते तुम्हीच सांगून टाकलंय." तिने दुसऱ्या हाताने खटका ओढला.

घंटा घुमली.

"हे तर ते रडगाणं," बायको म्हणाली. "मालिकेतलं."

चेलो आलं, व्हायोलिनं आली. मग क्लॅरिनेट उतरायला लागलं, एकेक स्वर, एकेक पायरी, आणि मी पाहिलं की मांडीवर त्याची बोटं हलायला लागली. जुनी बोटं, पण एकही जागा चुकली नाहीत. मी वाजते तशी ती वाजत होती.

"बँकवाल्या काकांना तुम्ही काय सांगितलं होतंत?" धाकटीचा आवाज फुटत होता. "हा जो कोण आहे त्याला साष्टांग नमस्कार. घाला आता, बाबा. खुर्चीवरून उठून घालताय की बसूनच?"

"पुन्हा लाव," तो म्हणाला. एवढंच.

तिने पुन्हा लावलं. या वेळी बायको मोठ्याने मोजत होती, चार स्वरांना बोटाचं एक पेर धरून. बारा, सोळा, वीस, चोवीस. एक गिळलेला नाही, एक चिकटलेला नाही. बाईचा हात तसाच राहिला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "चाळीस वर्षं मी मास्तरांची बाजू घेतली हो. तुमच्यासमोर बसून घेतली."

"अगं, तू एकटी कुठे?" तो म्हणाला. "मीही त्यांचीच घेतली होती." आणि मग तो रडला. मी पुष्कळ रडणी पाहिली आहेत, बहुतेक खोटी. हे तसलं नव्हतं.

डोळे पुसून झाल्यावर पहिली गोष्ट काय बोलला असेल? "पण मास्तरांनी धून काय बांधली होती, बघितलंस? निम्म्यावर आणली, उलटा अर्थ केला, तरी कुठे मोडली नाही. माझं काही नाही गं, मी फुंकलं. बांधणी त्यांची." अपमान करणाऱ्याचं कौतुक करायला मन लागतं मोठं. तेवढ्या मोठ्या मनाच्या माणसाच्या दमातून मी निघाले, याचा मला माझ्या सगळ्या मालिकांपेक्षा जास्त अभिमान आहे.

धाकटीने विचारलं, "कॉम्प्युटरमध्ये कुठली ठेवू? खरी की हळू?"

"दोन्ही ठेव. पोरांना पळवायला ती लागेल, मोठ्यांना रडवायला ही." जरा थांबून त्याने बायकोकडे बघितलं. "आणि रडगाणं म्हणायचं नाही कुणी."

"मी कधी म्हणाले? तुम्हीच म्हणायचात!"

तेव्हापासून माझ्या दोन नोंदी आहेत. एकीत बकरी पळते, दुसरीत माणसं जातात. 'वादक' असा एक रकाना आहे, बाकी सगळ्यांचा कोरा, माझा भरलेला. डबा आणि रीळ भंगारात गेलं नाही. ते धाकटीने लेखी परवानगी काढून घरी नेलं. दुकानातली हत्यारं बाजूला सारून म्हाताऱ्याने ते फळीवर ठेवलंय, आणि गिऱ्हाईक आलं की आधी डबा दाखवतो, मग वाद्य बघतो. गिऱ्हाईकं वैतागतात. वैतागू देत! बायको आता आतून ओरडून सांगते, "अहो, तो चोवीसचा आकडा सांगायला विसरू नका."

आज मी तुमच्या घरात येते ती आधीसारखीच, न विचारता, कुणाच्या तरी शेवटच्या श्वासाबरोबर. माझं एवढंच मागणं आहे. पडद्यावर कुणी गेलं की खुशाल रडा, ते माझं काम आहे आणि मी ते चोख करते. पण घंटा घुमली की घरातल्यांना जरा गप्प बसवा, आणि क्लॅरिनेट खाली उतरायला लागलं की चार-चारने बोटांवर मोजा. पूर्ण चोवीस भरतील. एक जरी कमी भरला, तर माझं कार्ड फाडून टाका, मी तक्रार करणार नाही.